गुडघ्याच्या वर गेलेला पाय
(जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



कापसाच्या बैठकीत हा माणूस कृत्रिम पायाचं काय काढून बसला, असं काहींना वाटेल. पण या मांडवात पाच जण कुबड्या घेऊन आलेत, मी मोजलेत. कुणाचं धोतर ट्रॅक्टरच्या शाफ्टात गुंतलं, कुणाला रस्त्यावर उडवलं, कुणाची साखरेच्या आजारात जखम चिघळली. कोरडवाहू माणसाचा पाय गेला की पहिल्या वर्षी जमीन बटईने जाते आणि चौथ्या-पाचव्या वर्षी विकली जाते. म्हणून हा विषय शेतीचाच आहे.

पाय गुडघ्याखाली गेला तर माणूस बऱ्यापैकी सावरतो. गुडघ्याच्या वर गेला तर घोटा आणि गुडघा असे दोन सांधे जातात. तेवढंच अंतर चालायला कितीतरी जास्त दम लागतो.

जयपूरच्या पायाचं नाव सर्वांनी ऐकलंय. १९६८ च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी तो घडवला. शर्मांचं शिक्षण बेताचं, पण हात कसबी. त्या वेळचा परदेशी पाऊल बुटात घालायचा आणि खुर्चीवर बसणाऱ्याचा होता. आपण अनवाणी चालतो, मांडी घालतो, उकिडवे बसतो, चिखलात उतरतो. रबराचं पाऊल सगळीकडून वळतं, पाण्याने बिघडत नाही. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९७५ साली देवेंद्रराज मेहतांनी स्थापन केलेली समिती हे पाय फुकट बसवते.

पण पाऊल सुटलं तरी गुडघ्याचा प्रश्न राहिला. साधा कृत्रिम गुडघा म्हणजे दाराची बिजागरी, एकच खिळा. अंगाचा भार खिळ्याच्या पुढून गेला तर पाय ताठ राहतो, मागून गेला तर खटकन दुमडतो. नांगरलेल्या रानात टाच ढेकळावर पडली की माणूस तोंडावर. म्हणून मग गुडघ्याला कडी घालून तो ताठ ठेवतात. असा पाय बाहेरून फिरवून टाकावा लागतो. बांध ओलांडताना काय होत असेल, कल्पना करा.

यावर उपाय निघाला चार खिळे आणि चार पट्ट्यांचा. त्यात वळण्याची जागा एका खिळ्यावर नसते. पाय सरळ असताना ती वर आणि मागे असते, म्हणून भार पुढून जातो आणि पाय दगा देत नाही. दुमडताना ती सरकते, नडगी थोडी आखूड होते, आणि बोटं ढेकळाला अडत नाहीत. ही युक्ती जुनीच, पण धातूची आणि महाग होती. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी जयपूरच्या समितीसोबत २००८ च्या सुमारास ती तेल मुरवलेल्या नायलॉनमध्ये बसवली. टाइम मासिकाने २००९ च्या उत्तम शोधांत तिची गणना केली. २०२२ मध्ये मद्रास आयआयटीने ‘कदम’ नावाचा असाच चार खिळ्यांचा देशी गुडघा आणला. तेव्हा स्वस्त गुडघा होतच नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

आता खरी दुखरी जागा सांगतो. पाय टाकून दिला जातो तो बहुधा गुडघ्यापायी नाही, वाटीपायी. मांडीचा उरलेला खुंट ज्यात बसतो ती वाटी. जयपूरला ती आपल्या तुषार सिंचनाच्या पाइपाच्याच एचडीपीई प्लॅस्टिकची करतात. पाइप तापवून प्लास्टरच्या साच्यावर ओढायचा. स्वस्त, झटपट. पण त्यातून हवा खेळत नाही. वैशाखात खुंट घामाने भिजतो, सोलतो. वाटीचा वरचा काठ बैठकीच्या हाडाला नीट टेकला नाही तर जांघेत रुततो. आणि शस्त्रक्रियेनंतर काही महिने खुंट आटत जातो. आज घट्ट बसलेली वाटी सहा महिन्यांनी खुळखुळते.

माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याचा पाय माळ्यावर पडलाय. शिबिरात मिळाला, फोटो निघाला, पेपरात छापून आला. दुसऱ्या महिन्यात फोड आले. विचारायला गेला तर शिबिरवाले पुढच्या जिल्ह्यात. तो पाय फुकट म्हणावा की महाग? माझ्या मते फार महाग.

मी कृषी पदवीधर, म्हणून वाणाची गोष्ट सांगतो. विद्यापीठाच्या रानात निघालेली ज्वारी आपल्या मुरमाड जमिनीत दोन हंगाम पाहिल्याशिवाय आपण घरात घेत नाही. पाय मात्र फरशीवर दहा पावलं चालवून पास! ही पारख डॉक्टरने एकट्याने करायची नाही. ज्याने तो घालून डवरणी केली, त्याचं मत आधी.

तेव्हा शिबिर घेणाऱ्यांना गावाने आधीच अट घालावी: तीन महिन्यांनी आणि वर्षाने परत यायचं, वाटी बदलून द्यायची. घालणाऱ्याला सुती मोजे जास्तीचे द्यायचे. खुंट आटला की एकावर एक चढवता येतात. आणि पाय देण्यापूर्वी त्याला मातीत चालवायचं, बसवायचं, उठवायचं.

अपघातात पाय गेला असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदानात एका अवयवासाठी १ लाख रुपये आहेत. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे. सातबारा आणि दवाखान्याचे कागद सांभाळून ठेवा. ज्यांचा पाय माळ्यावर आहे, त्यांनी पुढच्या बैठकीला तो घेऊन यावा. कुठे रुततो ते खडूने खूण करून आणा, म्हणजे कारागिराला दाखवता येईल.