अमेरिकन कॉलेजांतील बास्केटबॉल : कालचा आणि आजचा

(ज्युबिली-महोत्सवाच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



ज्युबिलीच्या व्याख्यानांपैकीं एक तरी तरुणांच्या आवडीच्या विषयावर असावें, अशी चालकमंडळींची इच्छा होती. आणि त्यांनीं आमच्या गळ्यांत विषय घातला तो असा, कीं ज्यांत वक्त्यापेक्षां समोरच्या बांकांवर बसलेल्या मुलांचाच अधिकार मोठा! बास्केटबॉल हा खेळ आम्ही हल्लीं केवळ बसून पाहतों. तथापि अमेरिकेंतील कॉलेजांत या खेळाचें रूप गेल्या कांहीं वर्षांत जें पालटलें आहे, त्यांत चेंडू आणि टोपली यांपेक्षां मोठे प्रश्न गुंतलेले आहेत. श्रमाचें मोल कोणीं ठरवावें, करार कोणाला बांधतो व कोणाला मोकळें सोडतो, लहान संस्थेनें मोठ्या संस्थेपुढें टिकावें कसें, हे ते प्रश्न होत. यासाठीं ही हकीगत आईबापांनींही ऐकावी, अशी आमची विनंती आहे.

खेळाचा जन्म थोडक्यांत सांगतों. १८९१ सालच्या डिसेंबरांत मॅसॅच्युसेट्स राज्यांतील स्प्रिंगफील्ड येथें, वाय. एम. सी. ए.च्या शिक्षणसंस्थेंत, जेम्स नेस्मिथ नांवाच्या शिक्षकानें हिंवाळ्यांत घरांत कोंडलेल्या विद्यार्थ्यांना कांहीं तरी उद्योग हवा म्हणून पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाला टांगल्या आणि १३ नियम लिहून भिंतीवर लावले. वाय. एम. सी. ए.च्याच लोकांनीं पुढें हा खेळ आपल्याकडे रुजविला. मद्रासेस १९२० सालीं निघालेलें त्यांचें शारीरिक शिक्षणाचें विद्यालय आणि मुंबईचा नागपाडा, हीं नांवें आपल्यांतील जुन्या खेळाडूंस सांगावयास नकोत.

प्रॉटेस्टंट तरुणांच्या संस्थेंत जन्मलेला हा खेळ अमेरिकेंतील कॅथॉलिक कॉलेजांनीं लवकरच आपलासा केला, आणि त्याचें कारण अगदीं व्यवहारी आहे. तेथील फुटबॉलला विस्तीर्ण मैदान लागतें, खेळाडूंचा तांडा लागतो, आणि त्याच मानानें पैसाही लागतो. बास्केटबॉलला पांच मुलें आणि एक मोठें दालन पुरतें. आयर्लंड, इटली, पोलंड येथून आलेल्या कामकऱ्यांच्या मुलांना शिकविणाऱ्या शहरी कॉलेजांना तें परवडलें. राष्ट्रीय अजिंक्यपदाची स्पर्धा १९३९ सालीं अवघ्या ८ संघांनिशीं सुरू झाली. २०११ सालीं ती संख्या ६८ झाली. या स्पर्धेच्या विजेत्यांची यादी पाहावी: १९४७ सालीं होली क्रॉस, १९५४ सालीं ला साल, १९५५ व १९५६ सालीं सॅन फ्रान्सिस्को, १९६३ सालीं शिकागोचें लोयोला, १९७७ सालीं मार्क्वेट, १९८४ सालीं जॉर्जटाउन, १९८५ सालीं व्हिलानोव्हा. हीं सर्व कॅथॉलिक संस्थांचीं नांवें आहेत. सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाला तर स्वतःचें क्रीडागृहही नव्हतें; बिल रसेल या कृष्णवर्णीय मुलाला दुसऱ्या कोणत्याही कॉलेजानें शिष्यवृत्ति देऊं केली नव्हती, त्याला त्यांनीं घेतलें, आणि त्यानें लागोपाठ दोन वर्षें अजिंक्यपद आणून दिलें.

लोयोलाच्या १९६३ सालच्या संघाची गोष्ट थोडी विस्तारानें सांगितली पाहिजे. त्या संघाच्या पहिल्या पांचांपैकीं चार मुलगे कृष्णवर्णीय होते. स्पर्धेंत त्यांची गांठ मिसिसिपी स्टेटच्या संघाशीं पडली. आणि मिसिसिपी राज्याचे पुढारी तर गोऱ्या मुलांनीं काळ्या मुलांशीं खेळूंच नये, अशा मताचे. संघानें राज्याबाहेर जाऊं नये म्हणून न्यायालयाचा मनाईहुकूमही मिळविण्यांत आला. परंतु तो बजावला जाण्यापूर्वींच प्रशिक्षक गुपचूप राज्याबाहेर निसटले व मागाहून मुलेंही गेलीं. १५ मार्च रोजीं दोन्ही संघनायकांनीं, एका काळ्या व एका गोऱ्या मुलानें, भर मैदानांत हस्तांदोलन केलें. सामना लोयोलानें ६१-५१ असा जिंकला. हरलेल्या संघाला आपण कशांत भाग घेतला हें पुरतें समजलें होतें, असें आम्हांस वाटतें.

आणि केवळ मुलगेच खेळत होते असें नव्हे. पेन्सिल्व्हेनिया राज्यांत इमॅक्युलाटा नांवाचें सिस्टर्सनीं चालविलेलें कॉलेज तेव्हां मुलींचें होतें. तेथील मुलींनीं दांतांचे ब्रश विकून प्रवासाचा पैसा उभा केला, आणि १९७२, १९७३ व १९७४ अशीं तीन वर्षें स्त्रियांचें राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलें. सामन्याच्या वेळीं सिस्टर्स प्रेक्षकांत बसून पत्र्याच्या बादल्या बडवीत असत! १९७२ सालींच तेथें शिक्षणांत स्त्रीपुरुषांस समान वागणूक देण्याचा कायदा झाला. तरी २०२१ सालच्या राष्ट्रीय स्पर्धेंत मुलग्यांना सुसज्ज व्यायामशाळा आणि मुलींना वजनांची एक लहानशी मांडणी, असा प्रकार एका खेळाडू मुलीनेंच जगापुढें आणला. त्यानंतर तीनच वर्षांनीं, २०२४ सालीं, मुलींचा अंतिम सामना दूरचित्रवाणीवर सुमारें १ कोटि ८९ लक्ष लोकांनीं पाहिला, आणि मुलग्यांचा सुमारें १ कोटि ४८ लक्ष लोकांनीं. असें पूर्वीं कधीं घडलें नव्हतें.

खेळाच्या नियमांतील फरक येथें ओझरते सांगतों. १९८५ पूर्वीं आघाडीवर असलेला संघ चेंडू हातांत ठेवून वेळ काढीत बसे. त्या हंगामापासून ४५ सेकंदांत चेंडू टोपलीकडे फेंकण्याची सक्ति आली, व ती मर्यादा २०१५ पासून ३० सेकंदांवर आली. १९८६ पासून दुरून केलेल्या फेंकीला तीन गुण मिळूं लागले, आणि उंच मुलांइतकेंच नेमबाज मुलांचेंही महत्त्व वाढलें. खेळ वेगवान झाला, हें बहुतेकांना आवडलें. वाद आहे तो पैशाचा.

कॉलेजांच्या खेळांचें नियमन नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन ही संस्था करीत आली आहे. तिचे पहिले कार्यकारी संचालक वॉल्टर बायर्स यांच्या काळांत 'विद्यार्थी-खेळाडू' हा जोडशब्द रूढ करण्यांत आला. तो शब्द कशासाठीं घडविला हें बायर्स यांनींच पुढें १९९५ सालीं आपल्या पुस्तकांत उघड केलें: खेळतांना जायबंदी झालेल्या मुलांनीं कामगार म्हणून नुकसानभरपाई मागूं नये, एवढ्यासाठीं! १९५६ सालीं खेळाबद्दल शिष्यवृत्ति देण्यास मोकळीक झाली. १९७३ सालीं ती चार वर्षांऐवजीं एकेका वर्षाची केली गेली. म्हणजे मुलगा उपयोगी पडला नाहीं तर कॉलेजानें वर्षअखेर त्याची शिष्यवृत्ति थांबवावी. पण मुलानें कॉलेज बदललें तर त्यानें मात्र एक वर्ष खेळावांचून बसावें. प्रशिक्षकाला असें कोणतेंच बंधन नव्हतें. तो आज या कॉलेजांत, तर उद्यां दुप्पट पगारावर त्या कॉलेजांत! इकडे २०१० सालीं राष्ट्रीय स्पर्धेच्या प्रक्षेपणाचा १४ वर्षांचा करार १,०८० कोटि डॉलरांस झाला, आणि २०१६ सालीं तो आणखी ८८० कोटि डॉलरांस २०३२ पर्यंत वाढविण्यांत आला. ज्यांचा खेळ पाहावयाचा, त्यांना शिष्यवृत्तीपलीकडे कांहीं घेण्याची बंदी होती.

या व्यवस्थेंत मुलांस मोहांत पाडणारे पुष्कळ होते. १९५१ सालीं न्यूयॉर्कमधील मॅनहॅटन या कॅथॉलिक कॉलेजांतील ज्यूनियस केलॉग या खेळाडूस, संघाचे गुण जाणूनबुजून कमी पाडण्यासाठीं, जुगाऱ्यांकडून १,००० डॉलरांचें आमिष आलें. तो गरीब घरचा, त्या संघांतील पहिला कृष्णवर्णीय. त्यानें पैसे नाकारून प्रशिक्षकांस वर्दी दिली, आणि त्यांतून अनेक कॉलेजांतील लांच उघडकीस आली. २०१८ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर खेळांवरील पैजा अमेरिकेच्या अनेक राज्यांत कायदेशीर झाल्या आहेत. तेव्हां केलॉगसमोर आलेला प्रसंग इतिहासजमा झाला, असें कोणीं समजूं नये.

ही व्यवस्था मोडली ती न्यायालयांत. लॉस एंजेलिसच्या यू. सी. एल. ए. संघांतून १९९५ सालीं अजिंक्यपद जिंकणाऱ्या एड ओबॅनन यास, पुढें एका व्हिडिओ-खेळांत आपल्यासारखाच एक खेळाडू, आपलाच क्रमांक घालून खेळतांना दिसला. खेळ विकला जात होता; ओबॅननला कोणीं विचारलें नव्हतें, कीं दमडीही दिली नव्हती. त्यानें २००९ सालीं दावा लाविला. त्या वाटेनें इतर दावे गेले, आणि २१ जून २०२१ रोजीं एका दुसऱ्या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयाच्या नऊही न्यायाधीशांनीं एकमतानें असोसिएशनविरुद्ध निकाल दिला. लगेच १ जुलैपासून खेळाडूंस आपल्या नांवाचा व प्रतिमेचा मोबदला घेण्याची मोकळीक मिळाली. ६ जून २०२५ रोजीं मंजूर झालेल्या तडजोडीनें तर कॉलेजांस खेळाडूंना थेट पैसे देण्याची मोकळीक झाली. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक कॉलेजास, सर्व खेळ मिळून, सुमारें २ कोटि ५ लक्ष डॉलर. त्याच सुमारास बदलीचेंही बंधन तुटलें. २०१८ सालीं बदली इच्छिणाऱ्यांची एक खुली यादी सुरू झाली, २०२१ सालीं एकदां न बसतां बदलण्याची सवलत मिळाली, आणि २०२४ पासून ती कितीही वेळां मिळूं लागली.

आमचें मत विचाराल तर जुनी व्यवस्था अन्यायाचीच होती. जी निष्ठा एकट्या मुलाकडूनच मागितली जाते, तिला निष्ठा म्हणतां येत नाहीं. मुलांना पैसा मिळूं लागल्यानें खेळ बाटला, असें म्हणणारांना आम्ही विचारतों कीं, प्रशिक्षकाला व दूरचित्रवाणीवाल्यांना मिळत होता तेव्हां तो सोंवळा होता काय?

परंतु एवढ्यानें प्रश्न मिटत नाहीं. जर्सी सिटी येथील सेंट पीटर्स ही जेझुइट धर्मगुरूंनीं १८७२ सालीं स्थापिलेली लहानशी युनिव्हर्सिटी. २०२२ सालीं तिचा संघ आपल्या गटांत पंधराव्या मानांकनावर होता. पहिल्याच सामन्यांत त्यानें केंटकीच्या बलाढ्य संघास ८५-७९ असें हरविलें, पुढें मरे स्टेटला, मग पर्ड्यूलाही. आणि शेवटच्या आठांत पोंचला. पंधराव्या मानांकनाच्या कोणत्याही संघानें हें पूर्वीं केलें नव्हतें. तेथें नॉर्थ कॅरोलायनानें त्यास ६९-४९ असें थांबविलें. त्यानंतर थोड्याच दिवसांत प्रशिक्षक शहीन हॉलोवे हे सीटन हॉलला गेले (तेंही कॅथॉलिक, आणि त्यांचें स्वतःचें जुनें कॉलेज), आणि संघांतील प्रमुख मुलें एकेक करून निरनिराळ्या कॉलेजांत पांगलीं. ज्या संघानें त्या गांवाला वेड लाविलें, तो पुढच्या हंगामांत पाहूं म्हटलें तर उरला नव्हता. यांत दोष कोणाला द्यावा? प्रत्येकानें आपलें हित पाहिलें, आणि तें पाहण्याचा प्रत्येकास हक्क होता. गेलेल्या मुलांस आम्ही नांवें ठेवणार नाहीं. मात्र जुन्या अन्यायाच्या आश्रयानें का होईना, एक चांगली गोष्ट वाढली होती आणि ती आतां दुर्मिळ होत आहे, हें कबूल केलें पाहिजे. २०१६ सालीं व्हिलानोव्हानें अंतिम सामना जिंकला तो आठवावा: ७४-७४ अशी बरोबरी, शेवटचे कांहीं सेकंद, चौथ्या वर्षाचा अर्चिडियाकोनो चेंडू घेऊन धांवतो, स्वतः न फेंकतां मागून येणाऱ्या तिसऱ्या वर्षाच्या जेंकिन्सच्या हातीं देतो, आणि चेंडू टोपलींत पडतो. मागें न पाहतां सहकारी कोठें आहे हें कळणें, हें वर्षानुवर्षांच्या सहवासाचें फळ होय.

कॉलेजांनीं तरी निष्ठा पाळली आहे काय? २०२४ सालीं पश्चिम किनाऱ्यावरील जुना संघसमूह फुटला. लॉस एंजेलिसचीं कॉलेजें आतां न्यू जर्सीच्या रटगर्सबरोबर एकाच गटांत खेळतात. अंतर सुमारें ४,००० किलोमीटर! अशा प्रवासांत पुस्तक केव्हां उघडावयाचें, हें त्या मुलांनाच विचारावें. हा घाट फुटबॉलच्या पैशासाठीं घातला गेला. बास्केटबॉल खेळणारीं मुलें त्यामागून फरफटत गेलीं. यास एक सुखद अपवाद आहे. जॉर्जटाउन, व्हिलानोव्हा, मार्क्वेट, सेंट जॉन्स, प्रॉव्हिडन्स, सीटन हॉल व डीपॉल या सात कॅथॉलिक संस्थांनीं २०१३ सालीं फुटबॉलवाल्यांची संगत सोडून, बिग ईस्ट हें जुनें नांव घेऊन, बास्केटबॉललाच प्राधान्य देणारा आपला निराळा गट केला. तो टिकला आहे.

लोयोलाच्या संघाच्या आध्यात्मिक मार्गदर्शक सिस्टर जीन यांचें नांव आपल्यांपैकीं अनेकांनीं ऐकलें असेल. १९९४ पासून त्या संघाबरोबर होत्या. २०१८ सालीं लोयोलाचा संघ शेवटच्या चारांत आला तेव्हां त्या ९८ वर्षांच्या होत्या, व चाकांच्या खुर्चींतून सामन्यास येत. प्रार्थना झाली कीं प्रतिपक्षाचा कोणता खेळाडू कसा रोखावा, हेंही त्या सांगत! सामन्यानंतर मुलांना त्या पत्रें पाठवीत. त्यांत शाबासकी असे आणि चुकाही असत. ९ ऑक्टोबर २०२५ रोजीं, वयाच्या १०६ व्या वर्षीं, त्या देवाघरीं गेल्या.

आतां एक व्यवहाराची सूचना. आपल्यांतील कित्येक घरांतून मुलें परदेशीं शिकावयास जातात. उद्यां एखादा मुलगा किंवा मुलगी खेळाच्या शिष्यवृत्तीवरही जाईल. विद्यार्थी म्हणून व्हिसा घेऊन गेलेल्यांस तेथें नोकरीधंदा करण्यास कडक मर्यादा आहेत, आणि नांव-प्रतिमेचा मोबदला त्यांना तेथल्या मुलांप्रमाणें सहज घेतां येत नाहीं. कॅनडाचा झॅक ईडी हा २०२३ व २०२४ अशीं दोन्ही वर्षें तेथील कॉलेजांतील सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्यालाही ही अडचण सुटली नाहीं. तेव्हां मध्यस्थ मोठाले आंकडे सांगूं लागला, तर शिष्यवृत्ति किती वर्षांची, दुखापत झाल्यास तिचें काय, आणि संघ सोडल्यास शिक्षणाचें काय, हीं तीन उत्तरें कागदावर घ्यावीं, आणि मगच सही करावी.

आवारांत मुलांचा सामना आमच्यासाठीं खोळंबला आहे, आणि पंचाची शिटी आम्हांस दोनदां ऐकूं आली.