थरथरलेली रेघ



शाळेत भाषणाचं नाव निघालं की मी मागच्या दाराने पळायचो, हे इथल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. आज उभा राहिलो, कारण दुपारी जी फिल्म दाखवणार आहे तिची सुरुवात याच शाळेत झाली.

नोकरी सांभाळून मी आपल्या भागातल्या चित्रकारांवर, पेंटरांवर छोटे माहितीपट करतो. मोबाइलवरच. पहिला विषय शोधावा लागला नाही. एलिमेंटरीच्या परीक्षेआधी आम्हा चौघांना अक्षरलेखन जमेना, तेव्हा चित्रकलेच्या सरांनी आम्हाला पेंटर चाचांच्या दुकानापुढे नेऊन उभं केलं. "तासभर नुसतं बघा," म्हणाले. शाळेच्या फाटकावरचा जुना बोर्ड आठवतो ना? तो चाचांचाच.

आपलं धर्माबाद सीमेवरचं गाव. पुढचं स्टेशन बासर, ते तेलंगणात. 1948 पर्यंत इथे निजामाचं राज्य, कारभार उर्दूत. म्हणून मोंढ्यातल्या मिरचीच्या आडत दुकानांसाठी चाचांनी एकाच पाटीवर तीन लिप्या लिहिल्या. मराठीत ते अक्षरं आधी काढायचे आणि शिरोरेघ शेवटी, श्वास रोखून, एका दमात. तेलुगूला अशी सलग रेघ नाही. तिथे सगळी गोलाई, नुसतं मनगट फिरायचं. उर्दू उजवीकडून यायची आणि नुक्ते सगळ्यात शेवटी टिपले जायचे. एकाच हाताच्या तीन चाली. हे मी सांगून तुम्हाला कळणार नाही, ते बघावंच लागतं.

आणि नेमकं हेच मी विसरलो. पहिल्या फिल्मवर माझं खणखणीत निवेदन घातलं, मागे बासरी. चाचांनी ती पाहिली आणि म्हणाले, "काम मैं कर रौं, बाताँ तुम कर रै."

पंढरपुरात जन्मलेल्या, मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवून दिवस काढलेल्या एम. एफ. हुसेन यांनी 1967 साली फिल्म्स डिव्हिजनसाठी 'थ्रू द आईज ऑफ अ पेंटर' केली. तिच्यात निवेदन नाहीच. बर्लिनच्या महोत्सवात तिला गोल्डन बेअर मिळालं. मी ती नंतर पाहिली. आधी पाहिली असती तर बासरीवाल्याचे पैसे तरी वाचले असते!

दुसऱ्यांदा गेलो तोवर गावभर फ्लेक्स झाले होते आणि ब्रश डब्यात वाळून गेले होते. मी आग्रह केला म्हणून चाचांनी पत्रा घेतला, टर्पेनमध्ये ब्रश भिजवला आणि आपल्या शाळेचं नाव लिहायला घेतलं. अक्षरं झाली. शिरोरेघ ओढताना मात्र हात कापला. रेघ मध्यावर हलली.

एडिटिंग करताना मी ती काढून टाकली. रेघेची सुरुवात ठेवली आणि पुढे एकदम दुरून दिसणारा तयार बोर्ड. त्यांचा मान राखला असं मला वाटलं. मोबाइलवर दाखवली, तर चाचा म्हणाले, "मेरी लकीर किधर गई?"

मला उत्तर देता येईना.

सत्यजित राय यांनी 1972 साली 'द इनर आय' केली, ती शांतिनिकेतनातले आपले गुरू बिनोदबिहारी मुखर्जी यांच्यावर. गुरूंची दृष्टी पूर्ण गेली होती. शिष्याने ते झाकलं नाही. मी मात्र साधी हललेली रेघ झाकायला निघालो होतो, तीही ज्यांच्यापुढे सरांनी मला "नुसतं बघ" म्हणून उभं केलं होतं त्यांची.

रेघ परत घातली, अख्खी. त्या वेळी आवाज फक्त ब्रशचा, आणि मध्येच कुणीतरी मिरचीच्या खाटाने शिंकतो. ती शिंकही ठेवली आहे.

फिल्म नऊ मिनिटांची आहे. जेवणानंतर चित्रकलेच्या वर्गात बघू. चाचा येतो म्हणालेत. पहिल्या रांगेतल्या दोन खुर्च्या मोकळ्या ठेवा, एक त्यांच्यासाठी आणि एक सरांसाठी.