पाण्याची पातळी आणि आलेखाचे प्रमाण

काशीचा अहिल्याबाई घाट मराठी मनाला परका नाही. देवी अहिल्याबाई होळकरांच्या नावाचा हा घाट दशाश्वमेधाच्या निकटच आहे. पावसाळ्यात गंगा चढू लागली, की आज किती पायऱ्या बुडाल्या एवढे पाहिले तरी पाण्याचा अंदाज येतो. गणिताच्या भाषेत बोलायचे तर घाट हा नदीकाठी उभा केलेला अक्षच होय, आणि पायरी हे त्याचे प्रमाण.

सरकारी मोजणी मात्र समुद्रसपाटीपासून होते. वाराणसीला इशाऱ्याची पातळी ७०.२६२ मीटर आहे, धोक्याची ७१.२६२. ९ सप्टेंबर १९७८ रोजी गंगा ७३.९०१ मीटरांपर्यंत चढली होती. हे आकडे आलेखपत्रावर कसे मांडावेत? शाळेतली सवय म्हणते, उभा अक्ष शून्यापासून सुरू करा. एका सेंटिमीटरला दहा मीटर धरले तर सारे साडेसात सेंटिमीटरांत मावते खरे. परंतु इशारा आणि धोका यांत अंतर उरते अवघ्या एका मिलिमीटरचे! नावाड्याने नाव कोठे बांधावी, दुकानदाराने माल केव्हा हलवावा, हे ज्या एका मीटरात ठरायचे, तो पेन्सिलीच्या रेघेत हरवून जातो.

उलट, एका सेंटिमीटरला दहा सेंटिमीटर पाणी धरले, तर इशाऱ्यापासून १९७८ च्या पातळीपर्यंतच छत्तीस सेंटिमीटरांहून अधिक कागद लागेल. तेव्हा पुराच्या दिवसांपुरता अक्ष ६८ पासून ७५ पर्यंत न्यावा आणि दोन सेंटिमीटरांना एक मीटर धरावा. चौदा सेंटिमीटरांत सर्व बसते; मिलिमीटरचा बारीक चौकोन म्हणजे पाच सेंटिमीटर पाणी, हेही वाचायला सोपे. तीन किंवा सात असे भाग धरणाऱ्याला प्रत्येक बिंदूपाशी भागाकार करीत बसावे लागते. अक्ष जेथे तोडला तेथे नागमोडी खूण मात्र अवश्य करावी. उन्हाळ्यातली गंगा याच्या बरीच खाली असते. वर्षाचा आलेख काढणाऱ्याने अर्थातच अक्ष खालून सुरू करावा.

ही मोकळीक स्तंभालेखाला देऊ नये. रेषा चढउतार सांगते. स्तंभ आपल्या लांबीने बोलतो. ७० पासून स्तंभ उभारले तर १९७८ चा स्तंभ धोक्याच्या स्तंभाच्या तिपटीहून उंच दिसेल. पाणी काही तिप्पट झाले नव्हते. समुद्रापासून काढलेले स्तंभही येथे फारसे उपयोगी नाहीत, कारण नदीचा तळ कोठे आहे हे ते सांगत नाहीत. पातळीला रेषाच बरी.

आडव्या अक्षाकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. एका दिवसाला एक मिलिमीटर दिला तर पूर भिंतीसारखा उभा राहतो. तेच दोन सेंटिमीटर दिले तर सौम्य चढण दिसते. म्हणून दोन वर्षांचे पूर ताडून पाहायचे असतील, तर ते एकाच कागदावर, दोन्ही अक्षांचे प्रमाण तेच ठेवून काढावेत.