कंपोस्टचा अर्क : केव्हा, कोठे आणि किती?

(ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्या मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



मुळशी तालुक्यात उन्हाळ्याच्या अखेरीस खाचरांतून धूर उठू लागला की राब भाजण्याचे दिवस आले, हे दुरूनही कळते. शेण, पालापाचोळा आणि गवत यांचे थर रचून जाळावयाचे व त्या भाजलेल्या जमिनीत भाताचे बी पेरावयाचे, ही मावळपट्टीची जुनी वहिवाट होय. त्यामुळे तणाचे बी जळते, राख मिळते आणि रोप उपटणे सोपे जाते, हे खरे. परंतु ज्या शेणापाल्याचे कंपोस्ट व्हावयाचे, त्याचाच बराचसा भाग धुरावाटे निघून जातो. अलीकडे पिंपात कंपोस्ट भिजवून त्याचा अर्क पिकांना देण्याविषयी पुष्कळ बोलले जाते. त्याचा विचार येथूनच सुरू केला पाहिजे. कंपोस्टच नसेल, तर अर्क कशाचा काढावयाचा?

कंपोस्टच्या शास्त्रीय पद्धतीशी एका मराठी नावाचा निकटचा संबंध आहे. इंदूर येथील वनस्पती-उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी सिद्ध केलेली ‘इंदूर पद्धती’ १९३१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. ढीग वेळोवेळी उलथून त्यात हवा खेळती ठेवावयाची, हे तिचे मर्म होय. अशा रीतीने सुमारे तीन महिन्यांत खत तयार होते. अर्काचे मर्मही तेच आहे.

पूर्ण कुजलेले, मातीचा वास येणारे कंपोस्ट एक भाग घेऊन कापडी पिशवीत बांधावे आणि दहा भाग पाण्यात सोडावे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असल्यास ते एक दिवस उघडे ठेवावे. मत्स्यपेटीला लावतात तशा लहान पंपाने २४ ते ३६ तास सतत हवा सोडावी. सुमारे २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात एका लिटरला जेमतेम ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. गूळ अधिक घातला तर जीवाणू झपाट्याने वाढून तो संपवून टाकतात आणि पिंपाला आंबूस किंवा कुजका वास येतो. असा अर्क पिकाला देऊ नये. चांगला अर्कही पंप बंद केल्यावर काही तासांतच वापरावा.

हा अर्क म्हणजे खत नव्हे, हे स्पष्टपणे सांगणे अगत्याचे आहे. आपल्याकडील जीवामृताचेच उदाहरण घेऊ. त्यात २०० लिटर पाण्यास १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ आणि २ किलो डाळीचे पीठ घालतात. या साऱ्यातील नत्र ढोबळ हिशेबाने पाव किलोच्या आसपास भरते. सुधारित भातासाठी मात्र हेक्टरी १०० किलो, म्हणजे एकरी सुमारे ४० किलो नत्राची शिफारस आहे. तेव्हा एका पिंपावर विसंबून शेणखत किंवा अन्य खते बंद करणाऱ्या शेतकऱ्याच्या पदरी निराशाच येईल.

मग त्याचा उपयोग कोठे? रोपवाटिकेत, गादीवाफ्यावर, गाळून व पाणी मिसळून तो मातीत देता येतो. लावणीनंतर मात्र खाचरात पाणी साचते आणि पृष्ठभागाच्या पातळ थराखालील मातीतील प्राणवायू थोड्याच दिवसांत संपतो. हवेवर जगणाऱ्या जीवाणूंना तेथे थारा नाही. शिवाय मुळशीचा पाऊस ओतलेले वाहून नेतो. या अवस्थेत गिरिपुष्पाचा पाला चिखलणीत गाडणे, ॲझोला आणि निळे-हिरवे शेवाळ हेच अधिक उपयुक्त. भातकापणीनंतर वाल, हरभरा किंवा भाजीपाला उभा राहिला की अर्काचा खरा हंगाम येतो. रोपे लहान असताना आणि फांद्या फुटताना, माती ओलसर असेल तेव्हा, सायंकाळी तो मुळांशी द्यावा. फुलोऱ्यात सकाळची फवारणी टाळावी, कारण परागीभवन व मधमाश्यांचा वावर तेव्हाच असतो. फळे धरल्यावर अर्क केवळ मातीत द्यावा.

आरोग्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. ताज्या शेणात माणसाला अपायकारक जंतू असू शकतात, आणि गुळासारखे खाद्य मिळाल्यास अर्कात तेही वाढू शकतात. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांनुसार कच्चे शेणखत घातल्यानंतर ९० ते १२० दिवस लोटल्यावरच खाद्य पिकाची काढणी करता येते. कोथिंबीर, मेथी, मुळा यांसारख्या, कच्च्याही खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांवर ताज्या शेणाचे द्रावण शिंपडणे म्हणूनच धोक्याचे होय.

रोगनियंत्रणाविषयी निरनिराळ्या प्रयोगांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. म्हणून शेताचा एक पट्टा अर्काविना राखून तुलना करावी. शाळेच्या परसबागेत दोन वाफे आखून विद्यार्थ्यांकडून उंची, फुटवे व उत्पन्न यांची नोंद ठेवविणे शिक्षकांस सहज शक्य आहे. पंचायत सदस्यांनी राबात जाणाऱ्या शेणापाल्याचा काही भाग तरी कंपोस्टच्या खड्ड्यात वळविण्यास गावाला प्रवृत्त करावे. पिंप आणि पंप नंतर आणता येतील. खड्डा मात्र या पावसाळ्यापूर्वीच भरला पाहिजे.