गिऱ्हाईक आणि मजकूर



दुकान मांडून बसलेल्या माणसाने आपल्या श्रद्धेपायी समलिंगी गिऱ्हाइकाला नाही म्हणावे काय? ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्न दोनदा आला. दोन्ही वेळा प्रमुख निकालपत्र लेडी हेल यांचेच. निकाल मात्र परस्परांच्या उलट!

कॉर्नवॉलमध्ये एक ख्रिस्ती जोडपे आपल्या राहत्या घरात पाहुण्यांना भाड्याने खोल्या देई. २००८ साली त्यांनी दोन पुरुषांना एका पलंगाची खोली नाकारली. 'अविवाहित स्त्रीपुरुषांनाही आम्ही ती देत नाही,' हा त्यांचा बचाव. पण त्या दोघांनी आपल्या सहजीवनाची सरकारदरबारी रीतसर नोंद केली होती, आणि विवाह त्यांना तेव्हाच्या कायद्याने करताच येत नव्हता. २०१३ साली ते जोडपे हरले.

बेलफास्टची हकीकत निराळी. तेथे २०१४ साली अ‍ॅशर्स बेकरीत एकाने साडेछत्तीस पौंडांचा केक सांगितला. वर समलिंगी विवाहाला पाठिंबा देणारी ओळ हवी होती. मालकांनी पैसे परत केले. खालच्या दोन न्यायालयांत ते हरले, पण २०१८ साली पाचही न्यायाधीशांनी त्यांच्या बाजूने कौल दिला. कारण ती ओळ कोणीही मागितली असती तरी नकारच मिळता.

माणूस नाकारणे वेगळे, मजकूर नाकारणे वेगळे. हा भेद मला पटतो. पण केकवर अक्षरच नसेल तर? अमेरिकेतील कोलोरॅडोच्या केकवाल्याने दोन पुरुषांच्या लग्नाचा केक नाकारला, तो नक्षीची गोष्ट निघण्यापूर्वीच. २०१८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या आयोगाने त्याच्या धर्माविषयी दाखवलेल्या अनादरावर बोट ठेवले, त्याला सोडवले, आणि मूळ प्रश्न तसाच ठेवला. माझ्यापुरते सांगतो: कोऱ्या केकला मी मजकूर म्हणणार नाही.