डोक्याची जखम मस्टरवर कुठं लिहायची?

(वस्तीतल्या तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी गोदीत माल चढवतो-उतरवतो. शिक्षण दहावी. कविता करतो म्हणून मला बोलायला बोलावलंत, पण आज कविता वाचणार नाही. आज हिशेब वाचणार आहे.

गोदीत बोट तुटलं की त्याचा भाव ठरलेला असतो. १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्यात तक्ताच होता. अंगठा गेला, कमाईची ताकद ३० टक्के गेली. शेजारचं अख्खं बोट गेलं, १४ टक्के. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली. तक्ता तिच्यातही आहे. माणसाचे असे तुकडे पाडून मोजायचे हे वाईटच, पण निदान मोजतात तरी. माझ्या थोरल्या भावाचं जे तुटलं, ते या तक्त्यात नाही.

दादा एका मोठ्या हॉस्पिटलच्या शवागारात कंत्राटावर होता. २०२० चा उन्हाळा. प्रेत पिशवीत घालायचं, चेन ओढायची, नावाची चिठ्ठी लावायची, पुढचं घ्यायचं. नातेवाईक लांब उभे केलेले. शेवटचं तोंड बघणारा माणूस एकच, दादा. एका रात्री चिठ्ठीवर आमच्याच चाळीतल्या म्हाताऱ्याचं नाव आलं. त्यालाही त्यानंच बांधलं. २२ मार्चला देशानं थाळ्या बडवल्या होत्या. ३ मेला हेलिकॉप्टरमधून हॉस्पिटलांवर फुलं टाकली. शवागार मागच्या बाजूला होतं. तिथवर एक पाकळी आली नाही.

साथ ओसरली. दादाची ओसरली नाही. घरात वहिनीनं पिशवीची चेन ओढली की हा भरल्या ताटावरनं उठून बाहेर जायचा. झोपेत चिठ्ठ्या वाचायचा. शवागाराच्या दाराशी गेला की पाय उचलायचे नाहीत. आत जायला क्वार्टर लागायची. मग दोन लागायला लागल्या. सुपरवायझर म्हणाला, ‘तुम्हा लोकांना तर सवय असते.’ अकरा दिवस दादा गेला नाही. कंत्राटदारानं मस्टरवर ‘गैरहजर’ मारलं आणि बाराव्या दिवशी सांगितलं, येऊ नको. वस्तीत नाव पडलं, बेवडा. मीपण म्हणालो. हे तुमच्यासमोर कबूल करतो.

पुढं एका डॉक्टरीणबाईंनी केसपेपरवर रोगाचं नाव लिहिलं : पीटीएसडी. भयंकर काही पाहिल्याचा, सोसल्याचा मनावरचा घाव. व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या सैनिकांनी आवाज उठवला, तेव्हा १९८० साली हे नाव अमेरिकन मानसोपचाराच्या पुस्तकात छापलं गेलं. पाहिलेलं पुन्हा पुन्हा दिसणं, झोप उडणं, दचकणं, त्या जागेकडं पाय न वळणं, ही त्याची लक्षणं. मुकादम ज्याला कामचुकारपणा म्हणतो, ते या रोगाचं लक्षण आहे. आणि त्या लक्षणापायीच नोकरी जाते.

‘सवय असते’ या दोन शब्दांत सगळी मनुस्मृती आहे. गावात मेलेलं ढोर आमच्या बापजाद्यांनी ओढलं. शहरात मेलेला माणूस आमच्या वाट्याला आला. आता त्या कामाच्या जखमेचं नावही जातच ठरवते. साहेबाला झाली तर स्ट्रेस आणि रजा. आमच्याला झाली तर दारू आणि हकालपट्टी.

कायद्याकडं या. १९२३ च्या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात धंद्यातून होणाऱ्या रोगांची यादी होती. नव्या संहितेतही ती आहे. शिसं आहे, पारा आहे, दगडाच्या धुळीनं होणारा सिलिकोसिस आहे. आरोग्याच्या कामात लागलेला संसर्गही आहे. म्हणजे जंतू अंगात शिरला तर तो कामाचा रोग, आणि मढ्यांची रांग डोळ्यांत शिरली तर तो घरचा रोग! पीटीएसडी तिथं नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं तो २०१० मध्येच आपल्या यादीत घातलाय. कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात अॅम्ब्युलन्सवाल्यांना, अग्निशामकांना हा आजार झाला तर तो कामामुळंच झाला असं २०१६ पासून कायदा धरून चालतो. २०१८ मध्ये नर्सेसना त्यात घेतलं. आपल्याकडं २०२० मध्ये आरोग्यसेवकांसाठी ५० लाखांचा विमा काढला. तो मेल्यावर. जगून मोडला त्याला काय?

एक कलम मात्र पाठ करा. अपंगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा, कलम २०, पोटकलम ४. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला त्या माणसाला काढता येत नाही, खालच्या पदावर ढकलता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं काम द्यायचं. जागा नसेल तर जादा पद करून ठेवायचं. या कायद्यात मानसिक आजारही अपंगत्वात धरलाय. १७ डिसेंबर २०२१ ला सुप्रीम कोर्टानं केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या एका अधिकाऱ्याच्या खटल्यात सांगितलं, की मानसिक आजारातून घडलेल्या वागण्यावर शिस्तभंगाची कारवाई करणं हा भेदभाव आहे.

मग दादाला ते का लागू झालं नाही? हॉस्पिटल म्हणतं, तो आमचा नोकर नाही. कंत्राटदार म्हणतो, मी सरकार नाही. मढी हॉस्पिटलची, पिशव्या हॉस्पिटलच्या, हात तेवढे कंत्राटदाराचे!

बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते. कामगारांच्या आरोग्यविम्याचा आदारकर अहवाल १९४४ मध्ये त्यांच्याच खात्याकडं आला. त्यातून १९४८ चा राज्य विमा कायदा उभा राहिला. कामगाराचं आजारपण हा त्याचा गुन्हा नाही, ही गोष्ट तेव्हाच ठरली होती. आपण फक्त विचारायचं, की डोकं कामगाराच्या अंगात मोजता की नाही?

तर मागण्या साध्या आहेत. एक, हा रोग तिसऱ्या परिशिष्टात घाला आणि आरोग्य कामगाराला झाला तर कामामुळंच झाला असं धरा. शाबीत मालकानं करावं. दोन, कलम २०चं संरक्षण कंत्राटी वॉर्डबॉय, आयाबाई, सफाईवाला, शवागारवाला, सगळ्यांना द्या. जबाबदारी हॉस्पिटलची. तीन, उपचार चालू असताना नाव कमी करायचं नाही, पगार कापायचा नाही.

आणि सरकारची वाट बघत बसू नका. तुमच्या घरात हॉस्पिटलात राबणारं कुणी असेल तर आजच जाऊन विचारा, झोप लागते का? लागत नसेल तर दवाखान्यात न्या. केसपेपरवर आजारासोबत काम काय करतो तेही लिहून घ्या. अर्ज द्या, पोच घ्या, शिक्का घ्या. बेवडा म्हणू नका. मी म्हणालो होतो.

दादा आता नाक्यावर दुसऱ्याच्या गाडीवर वडे तळतो. पीठ, पिशवी, चेन यातलं काही आवाज करायला लागलं की मालक स्वतः पुढं होतो. दादाला न विचारता त्याला दुसरं काम देतो. शिकलेला नाही तो माणूस. कलम २० त्यानं वाचलेलं नाही.

जय भीम.