सहावं भोक
(शाळेच्या स्नेहमेळाव्यात केलेलं मनोगत)



संयोजकांनी मला सांगितलं होतं, ‘शाळा आणि आयटी’ यावर दहा मिनिटं बोल. मी तसं लिहूनही आणलं होतं. पण गेल्या महिन्यात आपल्याच वर्गातल्या एका मैत्रिणीची तीस वर्षांनी भेट झाली आणि ते भाषण मी फाडून टाकलं. आज तिच्याबद्दल बोलणार आहे. ती आज इथे नाही. एका स्पर्धेत पंच म्हणून बसली आहे. ‘नाव घेऊ नकोस, गोष्ट सांग’ असं तिनेच सांगितलंय. नाव न घेताही तुम्ही ओळखालच. एन.सी.सी.च्या परेडला जिच्या बुटांत स्वतःचा चेहरा दिसायचा, ती.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ती कॉलेजनंतर काय करत होती हे माहीत नसेल. मलाही अर्धवटच माहीत होतं. ती रायफल नेमबाज झाली. आपण नववीत होतो तेव्हा, जानेवारी १९९४ मध्ये, राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या आणि त्यांच्यासाठी बालेवाडीचं क्रीडासंकुल उभं राहिलं. आपल्यासाठी ते शहराबाहेरचं एक मोठं बांधकाम होतं. तिच्यासाठी ते पुढची पंधरा वर्षं दुसरं घर झालं. २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये अंजली भागवत दहा मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोचल्या. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. ती बातमी मी हॉस्टेलच्या मेसमध्ये वाचली आणि मला पहिल्यांदा हिची आठवण झाली. कारण अंजली भागवतांची सुरुवातही एन.सी.सी.तच झाली होती. आठवण झाली, पण पत्र काही मी लिहिलं नाही. का नाही, ते पुढे सांगते.

ती राज्य पातळीवर बरीच वर्षं खेळली. पन्नास मीटर, झोपून आणि तिन्ही स्थितींत. मग मानेच्या मणक्याने दगा दिला. जाड कॅनव्हास-चामड्याचं जाकीट घालून, जड रायफल धरून तासन् तास पडून राहायचं, आणि पन्नास मीटरवरचं दहा गुणांचं वर्तुळ केवढं, तर १०.४ मिलिमीटरचं. म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. डॉक्टरांनी ‘आता पुरे’ म्हटलं. तेव्हापासून ती पंचाचं काम करते आणि लिहिते. लिहिते कशावर, तर शिकारीच्या रायफलींवर. दिवाळी अंकांत, मासिकांत. जिने आयुष्यात एक चिमणीही मारली नाही, ती.

माझी तिची गाठ पडली ती याच लिखाणामुळे. माझे वडील गेल्या वर्षी गेले. आमच्याकडे आजोबांची एक रायफल होती. आजोबा वेल्ह्याकडचे, शेताला रानडुकरांचा त्रास, म्हणून साठच्या दशकात घेतलेली. वडिलांनी परवाना आपल्या नावावर करून घेतला, पण त्यांनी ती एकदाही चालवली नाही. दर निवडणुकीला पोलीस ठाण्यात जमा करायची आणि नंतर परत आणायची, एवढाच तिचा प्रवास. परवानाधारक गेला की वारसांनी हत्यार विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. तसं आम्ही केलं. पण पुढे काय? आपल्या नावावर परवाना मागायचा, विकायची, की सरकारजमा करायची? भाऊ म्हणत होता, आजोबांची आठवण आहे, ठेवू. मला निर्णय होईना. तेवढ्यात एका अंकात हिचा लेख वाचला आणि नंबर मिळवून फोन केला.

ती म्हणाली, “दुकानात भेटू. आणि काही कागद असतील तर तेही आण.”

विक्रेत्याने रायफल टेबलावर ठेवली. हिने चष्मा वर सरकवला आणि आधी ती रिकामी आहे ना हे पाहिलं. विक्रेत्याने नुकतंच पाहिलं होतं, तरी हिने पुन्हा पाहिलं. मग म्हणाली, “थ्री-फिफ्टीन. इशापूरच्या सरकारी कारखान्याची.” मला वाटत होतं ती विलायती असेल. तिने समजावलं. थ्री-नॉट-थ्रीचं काडतूस लष्कराचं, म्हणून ते सामान्य माणसाला मिळायचं नाही. मग त्याच ली-एनफिल्डच्या सांगाड्यावर वेगळ्या काडतुसाची रायफल बनवून ती नागरिकांना विकली गेली. “म्हणजे हिचं शरीर शिपायाचं आणि काम शेतकऱ्याचं,” ती म्हणाली.

मी तिला विचारलं, तू तर कार्डावर नेम धरणारी, मग या रायफलींत तुझा जीव का रमतो? ती म्हणाली, “आमच्या खेळात सगळं ठरलेलं असतं. अंतर ठरलेलं, कार्ड हलत नाही, आणि चुकलं तर गुण जातात. रानात अंतर माहीत नसतं, जनावर थांबत नाही, साडेतीन-चार किलोची रायफल धापा टाकत धरायची, आणि चुकलं तर जनावर जखमी होऊन झाडीत जातं. कार्डाला वेदना होत नाहीत गं.”

मग ती जिम कॉर्बेटबद्दल बोलली. १९०७ साली त्याने चंपावतची नरभक्षक वाघीण मारली, त्याची कदर म्हणून त्याला .२७५ रिग्बी रायफल भेट मिळाली. पुढे याच माणसाने हातात कॅमेरा घेतला. आपल्या पुण्याचे व्यंकटेश माडगूळकर घे, ती म्हणाली. तेही आधी बंदूक घेऊन रानात हिंडले, आणि नंतर नागझिऱ्याला जाऊन राहिले ते नुसतं बघायला आणि लिहायला. तिचं म्हणणं असं की ज्याने कधीतरी चाप ओढलाय आणि त्याचा परिणाम पाहिलाय, तो रान फार जपून लिहितो. नेमबाजीत सगळ्यात उशिरा शिकता येते ती एकच गोष्ट: नेम हलला की चाप न ओढता रायफल खाली घेणं. नवीन मुलं ओढून टाकतात. ती मुलींना हेच शिकवते.

नंतर आम्ही शेजारच्या अमृततुल्यात बसलो. मी पिशवीतून कागद काढले. त्यात आजोबांची एक वही होती. परवान्यावर काडतुसांची संख्या ठरलेली असते, त्यामुळे ते हिशेब ठेवायचे. तारीख, किती आणली, किती खर्च, कशासाठी. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, त्याच्या आदल्या वर्षीच वही संपते. आम्ही घरात ती कधी धड वाचली नव्हती. हिने पहिल्या पानापासून वाचायला घेतली. चहा गार झाला. एका ओळीवर तिने बोट ठेवलं आणि वही माझ्याकडे फिरवली. आजोबांच्या अक्षरात लिहिलं होतं:

“१ खर्च. डुक्कर जखमी, दोन दिवस शोधले, मिळाले नाही. चूक माझी.”

ती म्हणाली, “रायफल बाजारात पन्नास मिळतील. हे पान ठेव. ‘चूक माझी’ असं लिहिणारे थोडे असतात.”

आणि मित्रांनो, तिथे माझा चहा घशात अडकला.

आता जे सांगणार आहे ते ज्यांना आठवत असेल त्यांना आठवेल. नववीतलं आपलं फायरिंग. पॉइंट टू-टू रायफल, पंचवीस यार्ड, प्रत्येकीला पाच गोळ्या. आम्ही पाच जणी ओळीने पालथ्या पडलो होतो. ती माझ्या उजवीकडे. कॅम्पच्या टीममध्ये एकच जागा शिल्लक होती आणि ती आमच्या दोघींत होती. माझ्या चार गोळ्या झाल्या, मी मान वर केली, पुन्हा खाली घातली आणि पाचवी झाडली. झाडल्याबरोबर मला कळलं की मी तिच्या कार्डावर झाडली आहे.

कार्डं आली. तिच्या कार्डावर सहा भोकं. पाच एका जागी, रुपयाखाली झाकली जातील अशी, आणि सहावं लांब कोपऱ्यात. माझ्या कार्डावर चार. सरांनी विचारलं, “ही सहावी कोणाची?” कोणी बोललं नाही. माझ्या कार्डावरचं एक भोक जरा फाटलेलं होतं. सर म्हणाले, “इथून दोन गेल्या असतील.” मी मान डोलावली. सरांचा काहीच दोष नाही. एवढ्या मुली, एवढीच वेळ. तिचं ग्रुपिंग सहाही भोकं धरून मोजलं गेलं. टीममध्ये माझं नाव लागलं. आणि घरी दहावीची तयारी सुरू झाली म्हणून मी त्या कॅम्पला गेलेच नाही. जागा वाया गेली. ती मात्र पुढचं एक वर्ष शाळेच्या टीमबाहेर राहिली.

मी आज ज्या टीमची प्रमुख आहे तिथे नवीन मुलांना पहिल्या दिवशी एक गोष्ट सांगते. रात्री सर्व्हर बंद पडला आणि बदल तुम्ही केला असेल, तर कोणी विचारायच्या आधी सांगा, कोणी रागावणार नाही. हे सांगताना दर वेळी मला ते कार्ड दिसतं.

अमृततुल्यात मी तिला हे सगळं सांगितलं. तिने वही मिटली आणि म्हणाली, “मला सहापर्यंत मोजता येत होतं गं. आणि तुझ्या कार्डावरचे चारही मी मोजले होते.”

“मग बोलली का नाहीस?”

“वाट बघत होते, तू बोलशील म्हणून. नंतर सवय झाली.”

थोडा वेळ आम्ही दोघी गप्प होतो. मग ती एकदम पंचाच्या आवाजात म्हणाली, “नियम काय आहे माहीत आहे? दुसऱ्याच्या कार्डावर झाडलेली गोळी, झाडणाऱ्याची मिस धरतात. आणि ज्याच्या कार्डावर ती आली, त्याची नक्की कुठली ते कळत नसेल, तर जास्त गुणाची गोळी त्याला देतात.” म्हणजे नियम तिच्या बाजूने होता. आपल्याला फक्त तो माहीत नव्हता, आणि ज्या एकीने बोलायला हवं होतं ती बोलली नाही.

१ ऑगस्ट २०२४ ला राधानगरीकडच्या कांबळवाडीचा आणि आपल्या पुण्यात सराव करणारा स्वप्नील कुसाळे पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक घेत होता, तेव्हा ही घरी टीव्हीपुढे एकटी उभी होती म्हणे. बसवेना. तो खेळला तो पन्नास मीटर तीन स्थितींचा प्रकार हिचाच. खाशाबा जाधवांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मी विचारलं, वाईट नाही वाटलं? आपण तिथवर गेलो नाही म्हणून? ती म्हणाली, “एका कॅम्पने मी ऑलिंपिकला गेले असते असं काही नाही. उगाच स्वतःला एवढं मोठं करू नकोस.” हेही तिने बरोबरच सांगितलं. पण एक वर्ष तिचं गेलं, ते गेलंच.

रायफल आम्ही ठेवली नाही. भावालाही ते पटलं. जी चालवायची नाही, जिची निगा राखता येत नाही, ती घरात ठेवणं म्हणजे जोखीम, असं ती स्पष्ट म्हणाली. वही मात्र ठेवली आहे.

सर, तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात. तुम्हाला एक विनंती आहे. १९९३ सालचं ते फायरिंगचं रजिस्टर आता कुठे असेल कोण जाणे. पण तुमच्या स्मरणात जे रजिस्टर आहे, त्यात एक दुरुस्ती करा. माझ्या नावापुढे चार भोकं आणि एक मिस. तिच्या नावापुढे पाच, रुपयाखाली झाकतील अशी.

चूक माझी.